‘डॉक्टर हू’ : पडदा मिटल्यावर कानांवर

• श्राव्यनाट्य : अनेक नट, ध्वनिपरिणाम, पार्श्वसंगीत. आकाशवाणीच्या श्रुतिकेचा घाट हाच. एकाच आवाजात वाचलेले ऑडिओबुक वेगळे.

• मूळ मालिका : बीबीसी टीव्ही, २३ नोव्हेंबर १९६३ पासून. नायक ‘डॉक्टर’; ही भूमिका वेळोवेळी वेगवेगळ्या नटांकडे. १९८९ मध्ये बंद, २००५ मध्ये पुन्हा सुरू. मधल्या काळात १९९६ चा एक टीव्हीपट.

• चाहत्यांच्या कॅसेट : १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या हौशी मंडळींनी ‘ऑडिओ व्हिज्युअल्स’ या नावाने स्वतःच ‘डॉक्टर हू’ची श्राव्यनाट्ये ध्वनिमुद्रित केली. त्यांतले गॅरी रसेल आणि निकोलस ब्रिग्ज पुढे ‘बिग फिनिश’ या श्राव्यनाट्ये काढणाऱ्या कंपनीत. २००५ पासून टीव्हीवरच्या डालेक या खलनायकी जमातीचा आवाजही ब्रिग्ज यांचाच. हौसेची मजल इथवर!

• बिग फिनिश : ‘डॉक्टर हू’चे त्यांचे पहिले श्राव्यनाट्य ‘द सायरन्स ऑफ टाइम’, जुलै १९९९. पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर, सिल्व्हेस्टर मकॉय हे तीन डॉक्टर एकत्र.

• पॉल मॅकगॅन : आठवा डॉक्टर. पडद्यावर बरीच वर्षे १९९६ चा तो एकच टीव्हीपट; श्राव्यनाट्यांत मात्र २००१ पासून. २०१३ च्या ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’ या लघुभागात त्याच्या तोंडी श्राव्यनाट्यांतल्या सोबत्यांची नावे.