जीपचं इंजिन : खालचं जुळतं, वरचं नाही

जुन्या जीपवाल्यांत एक समज पक्का आहे : जीप म्हणजे जीप, कुठलीचा पार्ट कुठलीलाही बसतो. समज अगदीच हवेतला नाही. एके काळी ते शब्दशः खरं होतं, कारण तसा सरकारी हुकूमच होता.

१९४१ मध्ये अमेरिकी सैन्यानं विलीजची जीप पसंत केली, पण मागणी एका कारखान्याच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून त्याच नकाशांवर फोर्डलाही काम मिळालं. विलीजची ती एमबी, फोर्डची जीपीडब्ल्यू. अट एकच, एकीचा पार्ट दुसरीला बसलाच पाहिजे. फोर्डनं तरी आपली हौस भागवून घेतली आणि पार्टांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, एफ हे अक्षर उमटवलं. दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. इंजिन ‘गो-डेव्हिल’ : चार सिलिंडर, २१९९ सीसी, ६० अश्वशक्ती. सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. युद्ध संपलं आणि यातल्या कितीतरी गाड्या डिस्पोजलमधून आपल्याकडच्या मालकांच्या हाती आल्या.

पहिली फूट पडली १९४६ मध्ये, आणि अजूनही तीच सर्वांत जास्त फसवते. युद्धकाळातल्या इंजिनात कॅमशाफ्ट साखळीवर फिरायचा. नागरी सीजे-२ए मध्ये विलीजनं साखळी काढून थेट गिअर बसवले. बाहेरून पाहाल तर ब्लॉक तोच वाटेल. पण साखळीवर कॅम क्रँकच्याच दिशेनं फिरतो आणि दोन गिअर एकमेकांत अडकले की उलट दिशेनं. दिशा बदलली म्हणजे कॅमचे उंचवटे बदलले. ऑइल पंपाला कॅमच फिरवतो, म्हणून पंपही आपापल्या जोडीचाच हवा, आणि डिस्ट्रिब्युटर त्या पंपावरूनच चालतो. साखळीवाल्या इंजिनाचा कॅम गिअरवाल्यात घातला, तर सगळं टायमिंगच उलटंपालटं होईल.

दुसरी फूट मोठी, पण निदान उघड दिसणारी. १९५३ च्या सीजे-३बी मध्ये ‘हरिकेन’ इंजिन आलं. बोअर आणि स्ट्रोक जुनेच, ३.१२५ आणि ४.३७५ इंच, म्हणून सीसीही तेवढेच. बदललं ते वरचं. इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, एक्झॉस्टचे ब्लॉकमध्येच राहिले, ताकद सत्तरीच्या पुढे गेली. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. महिंद्रानं वर्षानुवर्षं बनवलेल्या जीपचं ते उभट नाक इथून आलं. हिशेब सोपा आहे. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, मेन बेअरिंग अशा खालच्या भागात दोन्ही इंजिनं सख्खी भावंडं. हेड, गॅस्केट, कॅम आणि खुद्द ब्लॉक यांत मात्र नातं संपलं. हरिकेनच्या ब्लॉकमधून इनलेटचे पुशरॉड वर जातात, जुन्या ब्लॉकमध्ये ती भोकंच नाहीत.

फ्लायव्हीलकडे सहसा कुणी पाहत नाही. जुन्यांवर ९७ दातांची रिंग असते, पुढच्यांवर १२९ दातांचीही सापडते. स्टार्टर त्याच दातांचा नसेल तर पहिल्याच सेल्फला कर्कश्श खरखर ऐकू येते आणि दात जातात. दात मोजायला पाच मिनिटं पुरतात. तेवढा धीर असला म्हणजे झालं!

पुढे डिझेलचं युग आलं आणि विलीजशी नातं तुटलं. महिंद्राच्या गाड्यांत प्यूजोचं एक्सडीपी ४.९० आलं. नावातले आकडे म्हणजे चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर. नंतरच्या एक्सडी३पी चा बोअर ९४, त्यामुळे प्यूजो-प्यूजोतही पिस्टन इकडचे तिकडे होत नाहीत.

आज खरी अडचण वेगळीच आहे. सत्तर-ऐंशी वर्षांत इतकी इंजिनं बदलली गेली की आरसी बुकातलं मॉडेल आणि बॉनेटखालचा ब्लॉक जुळेलच असं नाही. एमबीच्या सांगाड्यात हरिकेन किंवा सीजेत साखळीवालं इंजिन निघालं, तरी नवल वाटू नये. तेव्हा पार्ट आणायला निघण्यापूर्वी वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकवर ठोकलेला नंबर उतरवून घ्या, टायमिंग कव्हर उघडून साखळी की गिअर ते पाहा आणि जुना पार्ट सोबत न्या. ‘जीपचाच आहे, बसेल’ एवढ्या आश्वासनावर पैसे देऊ नका.