समजून घ्या : रायफल मध्येच अडकली? दोष स्प्रिंगचाही असू शकतो. कुठे कोणती स्प्रिंग लागते, ते पाहा

अहिल्यानगर : येथील मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये दाखल होणाऱ्या अग्निवीराला रायफल नुसती चालवून भागत नाही, ती खोलून पुन्हा जोडावी लागते. त्या सुट्या भागांत सर्वांत साधी दिसते ती स्प्रिंग. पण तीच चुकीची बसली तर ऐन मोक्याच्या क्षणी जवानाच्या हातात नुसती काठी उरते.

बोल्टमागची स्प्रिंग किती कडक हवी?

पुण्याच्या 'एआरडीई'ने विकसित केलेली 5.56 मिमीची इन्सास असो की अमेठीतील कोरवा येथे बनणारी 7.62 मिमीची एके-203, दोन्ही वायूच्या दाबावर चालतात. गोळी सुटताच नळीतला थोडा वायू बोल्टला मागे ढकलतो आणि रिकामे काडतूस बाहेर पडते. मागे दबलेली स्प्रिंग मग बोल्टला पुढे आणते, तोच जाताना नवे काडतूस आत सारतो.

स्प्रिंग फार कडक असेल तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि नवे काडतूस उचललेच जात नाही. ढिली असेल तर तो मागे आदळतो आणि पुढे येऊन नीट बंद होत नाही. मग थोडी जाड तार घ्यावी का? इथेच गणित फसते. कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणजे बाकी मापे तीच ठेवून 1.2 मिमीऐवजी 1.3 मिमीची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे 38 टक्के कडक होते. (मेकॅनिकलला हे सूत्र आम्ही केवळ मार्कांसाठी पाठ केले होते.)

लष्कराच्या जुन्या 7.62 मिमी एसएलआरमध्ये यावर वेगळा तोडगा होता. दस्त्यात एकात एक अशा दोन स्प्रिंग बसवलेल्या असत.

घोड्याला पीळदार तार का?

एके घराण्यातील रायफलींमध्ये घोड्याची स्प्रिंग दोन-तीन तारा एकत्र पिळून केलेली असते. तारा एकमेकींवर घासतात, त्यामुळे थरथर लवकर शमते. शिवाय एक तार तुटली तरी दुसरी काम चालवून नेऊ शकते.

मॅगझिन भरून ठेवले तर स्प्रिंग बसते?

हा समज जुना आहे. चांगल्या पोलादाची, मर्यादेत दाबलेली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी बसत नाही. पुन्हा पुन्हा दाबणे-सोडणे आणि गंज तिला अधिक मारतात. म्हणूनच तपासणीत तिची मोकळी लांबी मोजायची असते. आखूड झालेली स्प्रिंग हाताने ताणून पुन्हा बसवणे हा उपाय नव्हे. ती थेट बदलावी लागते.