मुंबई एफसी : दहा वर्षांत गुंडाळलेला क्लब आणि खालिद जमील

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, याचा आनंद आपल्या अनेक घरांत झाला. पण ज्या क्लबमध्ये ते प्रशिक्षक म्हणून घडले, तो मुंबई एफसी आज अस्तित्वातच नाही. नाव जवळपास सारखं असल्यामुळे बरेच जण त्याला आयएसएलमधली मुंबई सिटी एफसी समजतात. हे दोन्ही क्लब पूर्ण वेगळे आहेत.

नोकरीवाल्या टीम ते क्लब

मुंबईत फुटबॉल टिकला तो कंपन्यांमुळे. एअर इंडिया, ओएनजीसी, महिंद्रा यांच्या टीम होत्या. अशा अनेक टीममध्ये खेळाडूला कंपनीत नोकरी मिळायची. पगार ऑफिसचा, घाम मैदानावरचा! खेळ संपला तरी घरची चूल पेटती राहायची.

२००७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या जागी आय-लीग सुरू झाली. त्याच वर्षी एस्सेल ग्रुपने मुंबई एफसी काढला. इथे ऑफिसची नोकरी नव्हती, करार होता. इंग्लंडचे डेव्हिड बूथ पहिले प्रशिक्षक झाले. २००८ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीतून वर चढून थेट आय-लीगमध्ये आला.

महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेले खालिद जमील इथे आधी खेळाडू म्हणून आले. दुखापतींनी खेळणं थांबवलं आणि २००९ मध्ये त्यांच्याकडे संघाची जबाबदारी आली. पुढची सात वर्षं, मोठे स्टार खेळाडू नसतानाही, त्यांनी हा संघ वरच्या श्रेणीतून खाली घसरू दिला नाही.

मग बंद का पडला?

पहिलं कारण मैदान. कूपरेजचं काम सुरू असताना मुंबईच्या या संघाला घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. चाहता दर सामन्याला एवढ्या लांब कसा जाणार?

दुसरं कारण २०१४ मध्ये आलेली आयएसएल. टीव्ही, जाहिराती, सिनेमावाले सगळे तिकडे वळले. मुंबई सिटी एफसीच्या मालकांत तर रणबीर कपूर होता. एकाच शहरात दोन क्लब झाले आणि जुना झाकोळला.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. क्लबचा सगळा खर्च एकाच मालकाच्या खिशातून होत होता.

२०१६ मध्ये जमील यांचा क्लबशी संबंध संपला. ते मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले आणि २०१६-१७ च्या हंगामात त्या छोट्या क्लबने आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातल्या क्लबचं हे पहिलं राष्ट्रीय लीग विजेतेपद. त्याच हंगामात मुंबई एफसी दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि त्यानंतर मालकांनी तो गुंडाळला.

तो एकटा नव्हता. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये, तर पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. पुण्याचाच भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळला.

पालकांनी काय पाहावं?

याउलट १८९१ चा कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग बघा. पैशाची चणचण, पडझड, वाद सगळं पाहिलं, पण क्लबमागे सभासद आणि समाज होता. २०२३-२४ मध्ये त्यांनी आय-लीग जिंकून आयएसएल गाठली. लोकांचा क्लब अडचणीत येतो, पण एका सहीने संपत नाही.

मुंब्र्यापासून मालेगावपर्यंत आज कितीतरी मुलं फुटबॉलमध्ये करिअरचं स्वप्न बघतात. त्यांना जरूर खेळू द्या. पण क्लबशी करार करताना चार गोष्टी विचारा: करार किती वर्षांचा आहे? पगार कधी मिळणार? दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा? क्लब बंद झाला तर उरलेल्या पैशांचं काय? तोंडी वायद्यावर जाऊ नका, सगळं कागदावर घ्या. मुलाचं शिक्षण अर्ध्यावर सोडू नका. आणि प्रशिक्षकाचं लायसन्स हीसुद्धा खेळातलीच रोजीरोटी आहे, हे त्याला लवकर सांगा.

जमील यांच्याकडे खेळ थांबल्यावरही फुटबॉलचं काम होतं, म्हणून मुंबई एफसी संपला तरी ते संपले नाहीत. त्या क्लबच्या प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला असा दुसरा रस्ता आला नाही.