चारमिनार : शालेय सहलीच्या दृष्टीने

मराठवाड्यातील व सोलापूरकडील अनेक शाळांच्या सहली हैदराबादेस जातात. १९५६ पर्यंत मराठवाडा ज्या राज्यात होता त्याची राजधानी हेच नगर. त्यामुळे कित्येक मुलांनी घरातील वृद्धांच्या तोंडून त्याचे नाव ऐकलेले असते. परंतु परतलेल्या मुलांस चारमिनारविषयी विचारावे, तर बाजारातील बांगड्या आणि गर्दी यांपलीकडे बहुधा उत्तर येत नाही. हा दोष मुलांचा नव्हे. वर चढून काय पाहावयाचे, हे त्यांस आधी कोणी सांगितलेलेच नसते.

मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ साली ही वास्तू उभारली. मुसी नदीच्या दक्षिणेस वसविलेल्या नव्या नगराचा हा मध्यबिंदू होय. तिच्या चार कमानी चार मुख्य दिशांकडे तोंड करून आहेत व चार रस्ते येथे एकत्र येतात. दिशांचा पाठ देण्यास याहून उत्तम साधन क्वचितच सापडेल. वरच्या सज्जात मुलांस प्रथम उत्तराभिमुख उभे करावे. समोरचा रस्ता मुसीकडे जातो; त्याच्या आरंभीच चार कमानी व त्यांच्या मध्यभागी गुलजार हौज आहे. पश्चिमेस लाखेच्या बांगड्यांचा लाड बाजार. नैर्ऋत्येस मक्का मशीद. तिचे काम १६१७ च्या सुमारास सुरू होऊन औरंगजेबाच्या काळी, १६९४ मध्ये, पुरे झाले. प्रत्येक मुलाने तेथेच कच्चा नकाशा काढावा. निघण्यापूर्वी गावातील टेकडीवरून किंवा गढीवरून स्वतःच्या गावाचा नकाशा काढून घेतला असल्यास हे काम मुलांस मुळीच अवघड वाटत नाही. बाजार त्यानंतर दाखवावा. आधी दाखविल्यास मुलांचे चित्त खरेदीतच गुंतून राहते.

जिन्याविषयी मात्र विशेष दक्षता हवी. मिनारातील जिना अरुंद व चक्राकार असून प्रेक्षकांस पहिल्या मजल्यापर्यंतच सोडतात. ४ डिसेंबर १९८१ रोजी दिल्लीच्या कुतुबमिनारात दिवे गेले, अंधारात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण प्राणांस मुकले. त्यांत बहुसंख्य शाळेतील मुले होती. तेव्हापासून त्या मिनाराचा जिना लोकांस बंद आहे. म्हणून सर्व वर्ग एकदम वर नेऊ नये. दहा-बारा मुलांची तुकडी करावी, पुढे एक व मागे एक शिक्षक असावा, दोघांजवळ विजेरी असावी. उतरणारी मंडळी खाली येईपर्यंत दुसरी तुकडी थांबवून धरावी. यात वेळ मोडतो खरा, पण तो मोडू द्यावा. खाली थांबलेल्या मुलांस दर्शनी भागावरील घड्याळे दाखवावीत. ती १८८९ साली बसविली गेली.

सालारजंग संग्रहालय येथून जवळच, मुसीच्या दक्षिण तीरावर आहे. ते शुक्रवारी बंद असते, आणि त्याच दिवशी दुपारी मक्का मशिदीत नमाजासाठी मोठा समुदाय जमतो. सहलीचा दिवस ठरविताना शुक्रवार वगळावा.