गळाच्या मासेमारीची होडी : निवड आणि वापर

सिंधुदुर्गनगरी येथील जिल्हा मुख्यालयातून समुद्र दिसत नाही. मालवणचा किनारा तेथून पश्चिमेस तीसेक किलोमीटर दूर आहे. तथापि त्या किनाऱ्यावर कोणती होडी उतरणार, याचा निर्णय पुष्कळदा किनाऱ्यापासून दूर असलेल्या कार्यालयांत आणि बँकांत होत असतो. अनुदानाचा प्रस्ताव येतो, कर्जाची शिफारस होते, ग्रामपंचायतीचा दाखला जोडला जातो. या साऱ्या प्रवासात होडीची लांबी, यंत्राची अश्वशक्ती आणि किंमत या तीन आकड्यांचीच चर्चा होते. ती होडी कोणत्या खाडीच्या मुखातून बाहेर पडणार, कोणत्या पुळणीवर ओढली जाणार आणि तिच्यात बसून माणसे नेमके काय करणार, हे प्रश्न मात्र मागे राहतात. मच्छीमाराच्या दृष्टीने होडीचा बरेवाईटपणा याच प्रश्नांवर ठरतो.

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याला देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तीन तालुक्यांत मिळून सुमारे १२१ किलोमीटरचा सागरकिनारा लाभला आहे. रापण, कांडाळ आणि गरी ही येथील जुनी साधने होत. त्यांपैकी गरीला, म्हणजे गळाच्या मासेमारीला, अलीकडे एक नवे अंग फुटले आहे. हौसेखातर गळ टाकणारी मंडळी बाहेरगावांहून मालवण, देवबाग, निवतीकडे येऊ लागली आहेत. सुरमई, तांबोशी, गोबरा किंवा खाडीतील चोणक गळाला लागावा यासाठी ती संपूर्ण दिवसाचे भाडे मोजतात. जाळ्याचे उत्पन्न बेभरवशाचे झालेल्या लहान मच्छीमाराला हा जोडधंदा आकर्षक वाटावा यात नवल नाही. मग प्रश्न येतो होडीचा.

तळ्यातील स्पर्धा आणि येथील समुद्र

गळाच्या मासेमारीसाठी म्हणून खास घडविलेली नौका पाहावयाची झाल्यास अमेरिकेकडे पाहावे लागते. तेथील गोड्या पाण्याच्या तलावांत ‘बास’ नावाचा मासा गळाने धरण्याच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात. रे स्कॉट या गृहस्थांनी जून १९६७ मध्ये आर्कान्सास राज्यातील बीव्हर तलावावर अशी स्पर्धा भरविली, आणि तेव्हापासून या खेळाचे रूपांतर एका व्यवसायात होत गेले. स्पर्धेची वेळ ठरलेली असते. ठरावीक तासांत जास्तीत जास्त जागा धुंडाळावयाच्या असतात. यास्तव ‘बास बोट’ ही बुटक्या काठाची, पुढे व मागे सपाट फळी असलेली, दीडशे-दोनशे अश्वशक्तीचे यंत्र लावलेली अतिवेगवान नौका झाली. पकडलेले मासे जिवंत राखण्यासाठी तिच्यात हवा खेळविलेल्या पाण्याची टाकी असते, कारण वजन करून मासे पुन्हा तलावात सोडण्याची प्रथा तेथे १९७२ पासून रुजली आहे.

ही नौका जशीच्या तशी मालवणच्या समुद्रात आणली तर ती धोक्याची ठरेल. तळ्यातील लाटेला पुरेसा असलेला बुटका काठ समुद्राच्या पहिल्याच मोठ्या लाटेखाली जाईल. वेगाचेही तसेच. येथे घड्याळाशी स्पर्धा नाही. गळाची जागा किनाऱ्यापासून फार दूर नसते आणि भाडे दिवसाचे असते. ‘जितकी अश्वशक्ती जास्त तितकी होडी चांगली’ हा समज यंत्र विकणाऱ्याच्या सोयीचा आहे, घेणाऱ्याच्या नव्हे.

त्या स्पर्धांतील एक शिस्त मात्र उचलण्याजोगी आहे. मोठे यंत्र चालू असताना प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट अंगावर घातलेच पाहिजे, आणि यंत्र बंद करणारी दोरी चालकाने स्वतःला अडकविली पाहिजे. चालक पाण्यात पडला की दोरी सुटते आणि यंत्र थांबते. तसे न झाल्यास रिकामी होडी गोल फिरत त्याच माणसावर परत येते व पंख्याने त्यास जखमी करते. ही दोरी यंत्रासोबतच मिळते. पुष्कळ ठिकाणी ती खोक्यातच राहते.

लाकूड की फायबर

कोकणातील जुनी लहान होडी आंब्यासारख्या झाडाचे खोड कोरून आणि वर फळ्या काथ्याने शिवून तयार होई. अरुंद होडी कलंडू नये म्हणून एका अंगाला आडव्या दांड्यांनी लाकडी तरंगता ओंडका जोडीत. त्यास उलांडी म्हणतात. वल्ह्याच्या किंवा शिडाच्या होडीला उलांडीसारखा स्वस्त आणि खात्रीचा आधार दुसरा नाही. तथापि वेगाने चालणाऱ्या यंत्राशी आणि गळ ओढताना दोन्ही बाजूंना लागणाऱ्या मोकळ्या जागेशी तिचे जमत नाही.

फायबरच्या होड्या आल्या आणि त्यांनी लाकडाची जागा घेतली, याची कारणे उघड आहेत. चांगले लाकूड महाग झाले, होडी बांधणारे सुतार कमी झाले आणि फायबरला समुद्री किडा लागत नाही. ती हलकी असल्याने चार माणसे पुळणीवर ओढून घेऊ शकतात. परंतु एक गोष्ट विकत घेताना क्वचितच सांगितली जाते. पाण्याने भरलेली लाकडी होडी बुडता बुडता तरंगत राहते, तिला धरून माणूस वाचू शकतो. फायबर हा पदार्थ पाण्याच्या सुमारे दीडपट जड आहे. त्यात पाणी भरले की यंत्रासह होडी तळ गाठते. म्हणून फायबरच्या होडीत पुढे, मागे आणि बाकांखाली बंद हवाबंद कप्पे किंवा न भिजणारा फेस भरलेले कप्पे असलेच पाहिजेत. किंमत कमी करण्यासाठी बांधणीत प्रथम हेच कप्पे गाळले जातात. प्रस्तावाची छाननी करणाऱ्याने एकच प्रश्न विचारावयाचा असेल तर तो हा विचारावा : होडी पाण्याने भरली तर ती तरंगेल काय?

तळाच्या आकाराचा विचारही आवश्यक आहे. सपाट तळाची होडी उभी असताना स्थिर असते व उथळ पाण्यात चालते, पण लाटेवर आपटते. निमुळत्या, खोल तळाची होडी लाट कापते. मात्र थांबल्यावर डोलते आणि तिला अधिक पाणी लागते. खाडीतील चोणकासाठी पहिली बरी, खडपांपलीकडे सुरमईमागे जाणाऱ्यास दुसरी. पुढे निमुळता व मागे सपाट होत जाणारा तळ हा दोहोंमधील मार्ग होय, आणि दोन्हीकडे काम करणाऱ्या मच्छीमाराने तोच पत्करावा.

यंत्र

भरलेली जड होडी पाणी बाजूस सारीत चालते तेव्हा तिच्या वेगाला लांबीनुसार मर्यादा पडते. पाण्याच्या रेषेवर २५ फूट लांब असलेल्या होडीस ही मर्यादा सुमारे ६.७ नॉट, म्हणजे ताशी १२ किलोमीटरच्या आसपास येते. त्यापुढे यंत्र दुप्पट केले तरी वेग थोडाच वाढतो, इंधन मात्र भरमसाट जळते. हलकी होडी पाण्यावर उचलली जाऊन या मर्यादेपलीकडे धावू शकते, परंतु सहा माणसे, बर्फ, नांगर आणि इंधन भरल्यावर ती हलकी राहत नाही.

दोन फेऱ्यांचे म्हणजे ‘टू-स्ट्रोक’ यंत्र हलके व दुरुस्तीस सोपे. ‘फोर-स्ट्रोक’ इंधन कमी खाते आणि आवाज कमी करते, पण वजनाने व किमतीने भारी. रोज भाड्याने जाणाऱ्यास दुसरे परवडते, कधीमधी जाणाऱ्यास पहिले. यंत्राच्या दांड्याची लांबी होडीच्या मागच्या फळीच्या उंचीशी जुळली पाहिजे. आखूड दांडा लाटेवर पाण्याबाहेर येतो आणि यंत्र रिकामे घोंघावते. इंधनाचा जुना हिशेब असा : एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश परतण्यास आणि उरलेले एक तृतीयांश वाऱ्यासाठी. वल्ही बरोबर असावीतच. यंत्र आले म्हणून वल्ही घरी ठेवणारा तांडेल शहाणा म्हणता येत नाही.

खाडीचे मुख

गळाच्या होडीला खरा धोका बहुधा खोल समुद्रात नसतो. तो असतो परतताना, खाडीच्या मुखाशी. देवबागजवळ कर्ली नदी किंवा तळाशील-तोंडवळीजवळ गड नदी समुद्रास मिळते तेथे वाळूचे दांडे तयार होतात, आणि ते दरवर्षी जागा बदलतात. ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर येते, समोरून समुद्राची लाट आत शिरते, आणि उथळ दांड्यावर ती लाट उभी राहून फुटते. अशा वेळी होडी आडवी झाली की उलटते. उधाणाच्या दिवसांत हा प्रकार अधिक तीव्र, भांगाच्या दिवसांत सौम्य.

यास्तव मुखातून आत येण्याची वेळ भरतीच्या उत्तरार्धात साधावी. बाहेर थांबून लाटांचा क्रम पाहावा. मोठ्या लाटांचा गट गेला की एका लाटेच्या पाठीवर राहून तिच्याच वेगाने आत यावे, तिला ओलांडून पुढे जाऊ नये. बाहेर जाताना नाळ लाटेस सामोरी ठेवावी. नांगर नाळेवरूनच टाकावा. मागच्या बाजूने टाकलेला नांगर यंत्राच्या वजनासह होडी खाली ओढतो. वारा असल्यास नांगराची दोरी खोलीच्या पाच ते सातपट सोडावी.

हौशी माणसे होडीत असली की आणखी एक काळजी घ्यावी लागते. मासा गळाला लागला की सर्वजण उठून एकाच बाजूस धावतात. बसलेल्या सहा माणसांना पुरेशी असलेली होडी उभ्या सहा माणसांना पुरत नाही. कोण उभे राहील आणि कोण बसून राहील, हे किनाऱ्यावरच ठरवून घ्यावे, आणि तांडेलाचा शब्द पाहुण्याने, मग तो अधिकारी का असेना, मानावा.

परवाने आणि बंदी

मासेमारीच्या नौकेचा परवाना आणि प्रवासी वाहतुकीचा परवाना या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला मत्स्यव्यवसाय विभाग महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली देतो. भाडे घेऊन माणसे नेण्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांना घेऊन परतणारी नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. त्या दिवसानंतर हा भेद कागदोपत्री तपशील आहे असे कोणी म्हणू नये. विम्याची भरपाईही नौका कोणत्या कामासाठी नोंदली आहे यावर अवलंबून असते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदीकाळ यंत्र लावलेल्या नौकांना लागू करण्यात आला. लहान यंत्र लावलेली होडीही त्यातून सुटत नाही. वल्ह्याच्या व शिडाच्या होडीला सूट असते. मालवणच्या किल्ल्याभोवतीचे पाणी १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले आहे. तेथे कोठे गळ टाकता येतो आणि प्रवाळावर नांगर का टाकू नये, हे बाहेरून आलेल्या पाहुण्यास सांगणे स्थानिकांचेच काम आहे.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी व जाळी बदलून घेण्यासाठी साहाय्याची तरतूद झाली. सर्वसाधारण गटास ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींस ६० टक्के असे तिचे प्रमाण आहे. उरलेली रक्कम बहुधा कर्जाची असते. यंत्र गरजेपेक्षा मोठे घेतले तर हप्ता वाढतो आणि दर फेरीचे इंधनही वाढते. मग हप्ता फेडण्यासाठी वारा असतानाही होडी काढावी लागते. नोव्हेंबर २००९ मधील फयान आणि मे २०२१ मधील तौक्ते या वादळांनी या किनाऱ्यास दिलेला तडाखा आठवला, म्हणजे अशा सक्तीचा अर्थ कळतो. संकटसमयी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक होडीच्या आतील बाजूस रंगवून ठेवावेत. भिजलेल्या भ्रमणध्वनीत साठविलेला क्रमांक उपयोगी पडत नाही.

ग्रामपंचायतींशी संबंधित एक बाब येथे नमूद करावयास हवी. लहान होडीला धक्का लागत नाही, पुळण लागते. होडी ओढून ठेवण्याच्या जागांवर पर्यटनाची बांधकामे सरकत आली, तर उत्तम होडीही उघड्या पाण्यात नांगरून ठेवावी लागते आणि पहिल्याच वादळात खडपावर जाते. या जागा गावाच्या नकाशावर नोंदवून घेणे पंचायतीस शक्य आहे.

पावसाळ्यात होड्या झावळ्यांच्या छपराखाली उपड्या पडून असतात. तपासणीस हाच काळ उत्तम. यंत्र प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतले होते की नाही, हे त्याच्या पाणी खेळविणाऱ्या नळीतील मिठावरून समजते. खाऱ्या पाण्यात स्वतः झिजून यंत्र वाचविणारा जस्ताचा तुकडा निम्म्याहून अधिक झिजला असल्यास बदलावा. फायबरच्या तळावर बोटांनी ठोकीत जावे; जेथे आवाज बद्द येतो तेथे आत पाणी शिरले आहे. ती जागा खरवडून, पूर्ण वाळवून मगच भरावी, आणि हे काम नारळी पौर्णिमेच्या आधी उरकावे.