खांद्याच्या दोऱ्या तुटल्या तर

बैलाचा खांदा आला, तर आपण त्याला जुंपत नाही. हळद-तेल लावतो, चार दिवस मोकळा सोडतो. पण आपला स्वतःचा खांदा दुखला तर? "होईल बरा," असं म्हणतो आणि पुन्हा पोते उचलतो. कधी कधी हे महागात पडते. ते कसे, ते आपण पाहू.

दंडाच्या हाडाचे वरचे टोक गोल असते. ते पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाला असलेल्या वाटीत बसते. ही वाटी उथळ असते. म्हणून तर हात चौफेर फिरतो. पण उथळ वाटीतला गोळा जागेवर धरणार कोण? ते काम चार स्नायू करतात. प्रत्येक स्नायूचे टोक चिवट दोरीसारखे असते. त्याला कंडरा म्हणतात. या चार कंडरा मिळून हाडाच्या गोळ्यावर टोपीसारख्या बसतात.

वय वाढले की या दोऱ्या झिजतात. हातावर जोरात पडलो, किंवा जड ओझ्याचा हिसका बसला, तर त्या तुटतात. दोन किंवा अधिक कंडरा पुऱ्या तुटल्या, तर ती मोठी इजा समजतात.

ती ओळखायची कशी? हात वर जात नाही. टोपी घालणे, केस विंचरणे जड जाते. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. आणखी एक खूण आहे. आपला हात आपल्याला उचलत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर बहुधा वर जातो. खांदा आखडला असेल, तर दुसऱ्यालाही तो उचलता येत नाही. पण नक्की काय ते डॉक्टरच सांगतील. त्यासाठी ते क्ष-किरण फोटो, सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात.

मग शस्त्रक्रिया करावीच लागते का? नाही. झीज जुनी असेल, तर व्यायाम आणि औषधांनी पुष्कळांचे भागते. बाकीचे स्नायू बळकट होतात आणि काम सांभाळून घेतात. पण धडधाकट माणूस पडला आणि त्याच दिवसापासून हात उचलेना, तर थांबू नये. मालीश करण्यात महिने घालवू नयेत. तुटलेला स्नायू ताणलेल्या रबरासारखा मागे आखडतो. पुढे त्याच्या जागी चरबी भरते. मग शिवायला गेले, तरी टोक हाडापर्यंत पोचत नाही.

शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार तीन.

पहिला, शिवणे. अमेरिकेत बोस्टन येथे डॉक्टर कॉडमन यांनी १९०९ साली अशी कंडरा शिवली. आता हे काम बहुधा दुर्बिणीतून होते. लहान छिद्रे पाडतात, हाडात बारीक खुंट्या बसवतात आणि त्यांच्या दोऱ्याने कंडरा हाडाला बांधतात. फाटलेले मोठे असेल, तर शिवण पुन्हा उसवण्याचा धोका असतो. बिडी ओढणाऱ्याला तो जास्त.

दुसरा, उसनी दोरी. मूळ कंडरा शिवण्याजोगी उरली नाही, पण सांधा चांगला आहे आणि माणूस कष्टाच्या वयाचा आहे, तर पाठीच्या दुसऱ्या एका स्नायूचे टोक सोडवून खांद्याच्या हाडाला जोडतात.

तिसरा, उलटा सांधा. कंडरा गेल्या आणि सांधाही झिजला, तर बहुतकरून वयस्कर माणसाला हा बसवतात. यात वाटीच्या जागी धातूचा गोळा आणि गोळ्याच्या जागी वाटी येते. मग खांद्यावरचा मोठा स्नायू एकटाच हात उचलू शकतो. फ्रान्सचे डॉक्टर ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास ही युक्ती यशस्वी केली. दुखणे बरेच कमी होते. पण जड ओझी उचलायला डॉक्टर सहसा मना करतात.

आता खरी अडचण. कंडरा शिवल्यावर चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो. मग हळूहळू व्यायाम. जड कामाला निदान सहा महिने लागतात. तेवढ्या दिवसांत शेत कोण पाहणार, धार कोण काढणार, मजुरीचे काय, हे घरात आधी बोलून ठरवावे. झीज जुनी असेल, तर हंगाम संपल्यावर शस्त्रक्रिया करता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे. ताजी इजा मात्र हंगामासाठी थांबत नाही.

डॉक्टरांना आणखी चार गोष्टी विचाराव्यात. व्यायामाने भागेल का? शिवले तर टिकेल का? पुढे ओझे उचलता येईल का? खर्च किती, आणि सरकारी योजनेत तो बसतो का? विचारण्यात लाज कसली? खांदा आपला आहे.

झोळी निघाली, दुखणे थांबले, की काही जण लगेच कामाला लागतात. तसे करू नका, बरं का! दुखणे आधी थांबते, दोरी मागाहून जुळते. बैलाला जितकी विश्रांती देतो, तितकी तरी आपल्या खांद्याला देऊ या.