सायकलशर्यतीत आपला कोण?

सायकलींच्या शर्यतीत जो सर्वांत बलवान तो पहिला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे सुटीच्या दिवशी खुलदाबादपर्यंत सायकलीने जातात त्यांस सहज पटेल. शहर सोडून दौलताबादकडे निघाले की उघड्या माळावर समोरचा वारा छातीवर येतो. अशा वेळी पुढील गड्याच्या मागच्या चाकाजवळ आपले चाक ठेवावे; वारा तो झेलतो आणि त्याच वेगास आपणांस पुष्कळ कमी श्रम पडतात. (रहदारीच्या रस्त्यावर मात्र हा प्रयोग करू नये, हे पालकांच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.) पुढे घाट लागला म्हणजे वेग मंदावतो, आडोशाचा उपयोग फारसा राहत नाही, आणि ज्याच्या त्याच्या पायांतील बळ ज्याला त्याला कळून येते.

युरोपातील धंदेवाईक शर्यतींचे सारे डावपेच ह्या वाऱ्यावर आणि घाटावर उभे आहेत. टूर द फ्रान्स तीन आठवडे चालते. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, त्यास पिवळा सदरा मिळतो. एका संघात आज आठ स्वार असतात. परंतु सदरा एकालाच मिळावयाचा. उरलेले सात त्याच्यापुढे वारा झेलतात, मागे मोटारीपाशी जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात, प्रसंगी आपले चाक काढून त्यास देतात.

शिवाय हे संघ देशांचे नसून व्यापारी कंपन्यांच्या नावांचे असतात. त्यामुळे लहान देशाच्या चाहत्याची मोठी पंचाईत होते. 1987 साली आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची वस्ती 35 लाखांच्या आसपास होती. तरी जगातील अग्रगण्य स्वारांपैकी दोघे तेथले. शॉन केली कास ह्या स्पॅनिश संघात, तर स्टीफन रोश कारेरा ह्या इटालियन संघात. वर्षभर हे दोघे देशबंधू एकमेकांचे प्रतिस्पर्धी! मग डब्लिनच्या पोराने जयजयकार कोणाचा करावा?

त्या वर्षी इटलीच्या शर्यतीत रोशची झुंज आपल्याच संघातील रोबेर्तो विसेन्तिनीशी झाली. विसेन्तिनी आदल्या वर्षीचा विजेता, त्यामुळे जवळजवळ सारा संघ त्याच्या बाजूचा. संघातला एडी स्खेपर्स हा बेल्जियन सोबती तेवढा रोशजवळ राहिला. रोश जिंकला. जुलैत टूर द फ्रान्समध्ये ला प्लान्यच्या चढावर पेद्रो देल्गादो त्याच्यापुढे दीड मिनिटाच्या अंतराने निघून गेला होता. शिखरावर पाहतात तो रोश अवघ्या चार सेकंदांनी मागे! तेथेच तो कोसळला आणि त्यास प्राणवायू द्यावा लागला. ती शर्यत त्याने 40 सेकंदांनी जिंकली.

आम्हांस मात्र सर्वांत मोलाची वाटते ती सप्टेंबरातील जागतिक अजिंक्यपदाची शर्यत. ऑस्ट्रियातील व्हिलाख येथील ह्या शर्यतीत स्वारांच्या अंगावर देशाचा सदरा होता. रोश गेला होता केलीस मदत करावयास. शेवटी पुढच्या तुकडीत सापडला रोश, आणि मागे राहिलेल्या केलीने पाठलागास हातभार लावला नाही. रोश जगज्जेता झाला, केली पाचवा आला. पॅरिस ते नीस ही शर्यत ओळीने सात वेळा जिंकणाऱ्या केलीला ते अजिंक्यपद पुढेही कधी लाभले नाही.

आमच्या देशाचा स्वार टूर द फ्रान्समध्ये अद्याप उतरलेला नाही. परंतु शर्यत पाहण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याचे कारण नाही. मुंबई ते पुणे ही जुनी शर्यत ख्यात आहे. तीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली, तीत परदेशी संघांबरोबर भारताचा संघही सुमारे 437 किलोमीटर धावला. अशी शर्यत पाहावयास जाणाऱ्याने घाटाच्या पायथ्याशी उभे राहावे. पहिला स्वार गेला की मान त्याच्याबरोबर वळते, ती थोडी आवरावी. तेथवर वारा झेलून जो बाजूस सरतो आणि धापा टाकीत मागे पडतो, त्याच्या पाठीवरील आकडा टिपून घ्यावा. दुसऱ्या दिवशीच्या निकालात तो सापडतो, बहुधा अगदी तळाशी.